दोनशेचा प्लॅन, आतल्या खोलीत अडतीस

निगडीला माझी मामेबहीण राहते. दिवाळीत फराळाला गेलो, तर चकलीची ताटली पुढे ठेवता ठेवताच ताईने विचारलं, "अरे, इंटरनेटचा दोनशेच्या स्पीडचा प्लॅन घेतलाय आणि आतल्या खोलीत वायफायवर अडतीस येतंय. फसवतात ना रे हे लोक?" दाजींनी तोवर कंपनीला तीनदा फोन केला होता. तिकडून दर वेळी उत्तर एकच : आमच्याकडून लाइन ओके आहे.

ऑफिसांमध्ये नेटवर्क बसवायचं माझं काम. हा प्रश्न सतत कानावर येतो, आणि बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. दारापर्यंत दोनशे पोचलेले असतात आणि आतल्या खोलीत अडतीसच मिळत असतात. मला राग येतो तो याचा, की मधल्या एकशे बासष्टचं काय होतं हे कुणी माणसाला बसवून सांगत नाही. मग लोक तीनशेचा प्लॅन घेतात, आतल्या खोलीत अडतीस ते अडतीसच राहतात, आणि बिल तेवढं वाढतं.

म्हणून पहिलं काम : वायफाय बंद करायचं, लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडायचा आणि मग स्पीड टेस्ट लावायची. वायरवर किती येतंय हे कळल्याशिवाय वायफायबद्दल काहीच बोलता येत नाही. ताईकडे टेस्ट लावली. आकडा आला ९४. पुन्हा लावली, ९४. तिसऱ्यांदा ९३.८.

आमच्या धंद्यात ९४ हा आकडा ओळखीचा आहे. घरातल्या लॅन पोर्टचे, म्हणजे केबल खुपसायच्या खाचेचे, मुख्यतः दोन वेग असतात, १०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आणि १००० एमबीपीएस. यातला दुसरा म्हणजे गिगाबिट. पण वायरवरून माहिती सुटी जात नाही, पुडक्यांमधून जाते, आणि प्रत्येक पुडक्यावर पत्ता, तपासणीचा आकडा, दोन पुडक्यांमधली ठरलेली मोकळी जागा असा वरखर्च असतो. वायरवर १५३८ बाइट जागा गेली की त्यातले साधारण १४६० बाइट आपल्या कामाचे. म्हणजे शंभरातले पंच्याण्णवच्या आत-बाहेर. त्यामुळे शंभरच्या पोर्टवर ९४-९५ आणि गिगाबिटवर ९४० च्या आसपास हाच पूर्ण वेग. दोनशेच्या प्लॅनवर तीनदा ९४ आलं, की वाटेत कुठेतरी गिगाबिटचा जोड शंभरवर उतरलाय हे नक्की.

ताईकडे फायबरचा डबा वेगळा आणि राउटर वेगळा होता. दोघांमध्ये फूटभर केबल, जागेवरच कनेक्टर दाबून केलेली. राउटरचे पोर्ट गिगाबिट होते, लॅपटॉपचाही. उरली ती केबल. कनेक्टर खिडकीच्या उजेडात धरला. आत आठ तारा असतात, रंगीत चार जोड्या : केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. सात तारा टोकाला जाऊन टेकलेल्या, आठवी तपकिरी मात्र दोन मिलिमीटर अलीकडेच थांबलेली. शंभरच्या वेगाला दोनच जोड्या पुरतात, केशरी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. तपकिरी जोडी अर्धवट दिसली की दोन्हीकडची यंत्रं गुपचूप शंभरवर येऊन बोलायला लागतात. कुठलाही लाल दिवा लागत नाही. कनेक्टर कापून नवा दाबला, टेस्ट लावली, १९६.

पण आतल्या खोलीत? फोनवर तपासलं, एकेचाळीस. म्हणजे ताईच्या घरात दोन वेगळ्या अडचणी होत्या. एक तारेत होती, ती पाच मिनिटांत मिटली. दुसरी हवेत होती.

हवेकडे वळण्याआधी एककाचा घोळ सोडवून टाकू, कारण अर्धी भांडणं त्यातच होतात. प्लॅनमधले एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट. डाउनलोड करताना पडद्यावर बहुधा मेगाबाइट दिसतात, आणि आठ बिटांचा एक बाइट. शंभरच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला बारा मेगाबाइटने उतरत असेल तर वेग पूर्ण मिळतोय.

एकेरी पूल आणि उसाची ट्रॉली

वायरची खरी मोठी गोष्ट नुसता वेग नाही, तिचं एकसारखं असणं. दोन मीटरची केबल असो की ऐंशी मीटरची, नीट बसवलेली असेल तर गिगाबिट म्हणजे गिगाबिट, ठरलेली हद्द १०० मीटर. दुपारी तीनला जे मिळतं तेच रात्री नऊला. जायची आणि यायची वाट एकाच वेळी चालू असते, आणि तुमच्या तारेवर शेजारच्या फ्लॅटमधला कुणी येत नाही.

वायफायचं तसं नाही. तिथे सगळ्यांना मिळून एकच हवा. एका चॅनेलवर, म्हणजे रेडिओलहरींच्या एका ठरलेल्या पट्टीवर, एका वेळी एकानेच बोलायचं, दोघं एकदम बोलले तर कुणाचंच समजत नाही. राउटर फोनला पाठवत असतो तेव्हा फोन राउटरला पाठवू शकत नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या जुन्या एकेरी पुलासारखं आहे हे. इकडची गाडी निघाली की तिकडच्यांनी थांबायचं. पुलावर चढण्याआधी प्रत्येकाने कानोसा घ्यायचा, पूल मोकळा दिसला तरी क्षणभर थांबून मगच निघायचं, पलीकडे पोचल्यावर 'पोचलो' म्हणून निरोप द्यायचा. निरोप आला नाही तर तोच माल पुन्हा पाठवायचा. यातला प्रत्येक थांबा सेकंदाच्या काही लाखाव्या भागाचा, पण तो सेकंदात हजारो वेळा होतो. म्हणूनच फोनच्या सेटिंगमध्ये 'लिंक स्पीड' ८६६ दिसत असली तरी हातात येतात ते जास्तीत जास्त पाचशे-सहाशे. तो वरखर्च कुणी चोरलेला नसतो, वायफाय चालतंच तसं. वायरचा वरखर्च शंभरात पाच, वायफायचा तीस ते पन्नास.

आता त्याच पुलावर कारखान्याला चाललेला ट्रॅक्टर चढला, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या. पूल तोच, रुंदी तीच, पण तो पार होईपर्यंत मागच्या मोटारीही त्याच्याच चालीने. घरात हा ट्रॅक्टर म्हणजे लांबच्या खोलीतला जुना फोन, किंवा जिन्यातला वायफाय कॅमेरा. रेंज कमी, त्यामुळे तो १३ एमबीपीएसने बोलतोय. राउटरशेजारचा लॅपटॉप ६५० ने बोलू शकतो. तेवढीच माहिती पाठवायला त्या फोनला पन्नासपट वेळ लागतो, आणि तेवढा वेळ पूल अडलेला. "माझा लॅपटॉप तर राउटरच्या शेजारी आहे, मग मधूनच का अडतो?" असं विचारणाऱ्याला उत्तर बऱ्याचदा दुसऱ्याच खोलीत सापडतं.

गंमत अशी की वायरचं नेटवर्कही सुरुवातीला असंच होतं. हवाई विद्यापीठात नॉर्मन अॅब्रॅमसन यांच्या गटाने १९७१ मध्ये बेटांमधले संगणक रेडिओने जोडले, एकच लहर सगळ्यांनी वाटून वापरायची पद्धत लावून. त्यावरून धागा घेऊन रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात इथरनेट मांडलं. एक लांब केबल आणि सगळे संगणक तिलाच जोडलेले, पाळीपाळीने बोलणारे. नावही हवेतलंच : प्रकाशलहरी ज्यातून जातात असं एकेकाळी मानत त्या ईथरवरून घेतलेलं. पुढे स्वीच, म्हणजे तारा एकत्र आणून माल ज्याचा त्याला देणारे डबे आले, प्रत्येक यंत्राला स्वतःची तार मिळाली आणि वायर त्या रांगेतून सुटली. हवेला तसं सुटता येत नाही. घरात दुसरी हवा कुठून आणणार?

डब्यावरचा १२००

राउटरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात 'एसी १२००' असं असतं. तो वेग कुणालाच मिळत नाही, कारण ती बेरीज आहे. वायफायचे रेडिओचे दोन पट्टे असतात : २.४ गिगाहर्ट्झवर ३००, ५ गिगाहर्ट्झवर ८६७, दोन्ही मिळवून वर गोल केलेले. तुमचा फोन एका वेळी यातल्या एकाच पट्ट्यावर असतो. शिवाय ते ३०० मिळतात ते दुप्पट रुंद चॅनेल मोकळा सापडला तर, आणि सोसायटीत तो सापडत नाही. 'एएक्स ३०००' चंही तेच : ५७४ अधिक २४०२. यातल्या २४०२ साठी १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल लागतो, आणि तो राउटरला आला तरी तुमच्या फोनला यायला हवा. यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे, १२०० लिहिलेल्या कित्येक स्वस्त राउटरचे लॅन पोर्ट शंभरचेच असतात. तीनशेचा प्लॅन घेऊन त्याला असा राउटर लावला की सगळ्या घराला मिळून ९४ च्या वर काही मिळणार नाही, हवेत नाही आणि वायरवरही नाही. विकत घेताना पोर्टसमोर 'गिगाबिट' लिहिलंय का, हे आधी बघा. बाहेरच्या अँटेना किती हे नंतर.

लांब गेल्यावर वेग का उतरतो, हे एसटीच्या पाटीवरून समजतं. फलाटावर उभं राहून पाटीवरची मधल्या गावांची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येतात. स्टँडच्या फाटकातून फक्त मोठं 'सातारा' दिसतं. वायफाय हेच करतं. फोन जवळ असला की राउटर बारीक अक्षरात लिहितो, म्हणजे लहरीच्या एकेका ठोक्यात आठ बिट कोंबतो. सिग्नल क्षीण झाला की अक्षर मोठं करत करत एका ठोक्यात एक बिट इथवर उतरतो. तोच फोन, तोच राउटर, ८६७ चे ६५ होतात. रेंजच्या दांड्या तीन दिसत असल्या तरी अक्षराचा आकार बदललेला असू शकतो, म्हणून दांड्यांवर विसंबू नका.

आणि भिंती. इंटरनेटवर राउटर कुठे ठेवावा याचे जे व्हिडिओ दिसतात, त्यातले पुष्कळसे अमेरिकेतले आहेत. तिथल्या घरांच्या आतल्या भिंती लाकडी सांगाड्यावर ठोकलेल्या जिप्समच्या पातळ फळ्या. रेडिओलहर त्यातून सहज पार होते. न्यू जर्सीतला भाऊ सांगतो की दोन मजल्यांना एकच राउटर पुरतो, ते त्याच्या घरापुरतं खरं आहे. आपल्याकडे विटांची भिंत, वर प्लॅस्टर, मध्ये सळईचे कॉलम आणि बीम. कोकणात जांभ्याची जाड भिंत, आणि पावसाळ्यात तीही ओली. पाणी आणि लोखंड हे दोन्ही रेडिओचे वैरी. आरसा, लोखंडी कपाट, माळ्यावरची पाण्याची टाकी, सेफ्टी डोअर, सगळी अडवतात. ५ गिगाहर्ट्झला भिंत जास्त नडते, २.४ ला कमी. म्हणून लांबच्या खोलीत फोन आपसूक २.४ वर सरकतो, आणि तिथे गर्दी. भारतात २.४ मध्ये १३ चॅनेल असले तरी एकमेकांवर न चढणारे तीनच : १, ६ आणि ११. ताईच्या बेडरूममध्ये मी फोनवर पाहिलं तेव्हा २३ वायफायची नावं दिसत होती. २३ घरं, तीन पूल. भर म्हणून मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात.

मग मिळायला काय हवं? मोठा प्लॅन, बरा राउटर आणि आजकालचा दोन अँटेनांचा फोन धरून, पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मला वर्षानुवर्षं दिसत आलेले आकडे सांगतो. राउटरच्याच खोलीत, तीन-चार मीटरवर, ५ गिगाहर्ट्झ : वायफाय ५ वर (खोक्यावरचं 'एसी') साडेचारशे ते सहाशे, वायफाय ६ वर ('एएक्स') सहाशे ते साडेआठशे. एक विटांची भिंत मध्ये आली की दोनशे ते साडेतीनशे. दोन भिंती किंवा एक कॉलम आडवा आला की पन्नास ते दीडशे, आणि तोही वेळेनुसार हलणारा. २.४ वर त्याच खोलीत साठ-नव्वद, आत पंचवीस ते पन्नास. वायरवर, सगळीकडे, ९४०. ताईचे अडतीस या हिशेबात अगदी बसतात. तिच्या घरी वायफाय बिघडलेलं नव्हतं. राउटर दारामागे चप्पल स्टँडच्या वरच्या खणात होता, एका बाजूला सेफ्टी डोअर, दुसऱ्या बाजूला लोखंडी कपाट, आणि बेडरूम तिथून दोन भिंती पलीकडे.

लांब केबल टाकून राउटर पॅसेजमध्ये, डोक्याच्या उंचीवर आणला. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव होतं, ५ चं नाव वेगळं केलं आणि फोन त्याला जोडला. बेडरूममध्ये १५० ते १७०. प्लॅन तोच, राउटर तोच.

अडकणारी मीटिंग

दाजींची तक्रार वेगळी होती. वेग दाखवतो चांगला, तरी मीटिंगमध्ये आवाज तुटतो. इथे स्पीड टेस्टचा आकडा काहीच सांगत नाही. व्हिडिओ कॉलला एक ते तीन एमबीपीएस पुरतात. नेटफ्लिक्ससुद्धा फोर-के चित्रासाठी १५ पुरेसे म्हणतं. कॉलला हवा असतो तो वेळेवर पोचणारा माल. वायरवर लॅपटॉपहून राउटरपर्यंत जाऊन परत यायला एक मिलिसेकंदही लागत नाही, आणि हजार वेळा मोजलं तर हजारही वेळा तसंच. वायफायवर शांत असताना तीन-पाच मिलिसेकंद, ठीक आहे. पण पुलावर ट्रॉली चढली, शेजाऱ्याने डाउनलोड लावलं, की मधूनच शंभरावर उडी. सरासरी काढली तर ती छान येते. त्या एका उडीतच "हॅलो, आवाज येतोय का?" होतं. दाजींच्या टेबलापर्यंत भिंतीच्या कडेने केसिंग पट्टीतून केबल नेली. त्यांचा प्लॅन, त्यांची मीटिंग, काहीच बदललं नाही, आवाज तुटायचा थांबला.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो : जी वस्तू जागची हलत नाही तिला वायर द्या. टीव्ही, डेस्कटॉप, ऑफिसच्या कामाचा लॅपटॉप, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर. याचा फायदा फोनलाही होतो, कारण टीव्ही वायरवर गेला की पुलावरची एक मोठी गाडी कमी झाली. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. बऱ्याच स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्ट शंभरचाच असतो, अगदी महाग टीव्हींचाही. त्यामुळे टीव्हीवर टेस्ट लावली तर वायफायवर २०० आणि वायरवर ९४ दिसू शकतात, आणि लोक वायर काढून टाकतात. काढू नका. चित्राला हवेत १५, आणि वायरवरचे ९४ रात्री नऊलाही ९४ असतात.

रेंज वाढवायचा प्लगमधला डबा, म्हणजे रिपीटर, लोक आतल्या काळोख्या खोलीत लावतात. तिथे त्यालाच रेंज नसते, तो काय वाढवणार? आणि साधा रिपीटर जे ऐकतो तेच त्याच हवेत पुन्हा बोलतो. एकच माल पुलावरून दोनदा, म्हणजे वेग निम्मा. मेश, म्हणजे मिळून एकच वायफाय देणाऱ्या डब्यांचा संच, घेतलात तर त्याचे दोन डबे एकमेकांना वायरने जोडा, तेव्हाच त्याचे पैसे वसूल होतात.

केबल घेताना कॅट-फाइव्ह-ई सुद्धा गिगाबिटला पुरते, नवीन टाकायचीच तर कॅट-सिक्स घ्या. त्याच्या वरचे आकडे घराला लागत नाहीत. त्यापेक्षा तार तांब्याची आहे का ते बघा. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. एका तारेचं टोक ब्लेडने खरवडा, आतून पांढरं दिसलं तर परत करा. ती तार वळणावर मोडते, आणि मोडली की तुम्हाला ९४ दिसायला लागतात.

घराचं काम चालू असेल, रंग लागायचा असेल, तर इलेक्ट्रिशियनला लाइटच्या पाइपपासून वेगळा असा एक पाइप हॉलमधून प्रत्येक खोलीत काढायला सांगा, टीव्हीच्या मागे आणि टेबलाच्या जागी. आज केबल टाकली नाही तरी चालेल. आत ओढायची तार तेवढी सोडून ठेवायला सांगा.